सासूबाई, सायनाइड आणि शिवडीचं गोदाम

सायनाइड हा शब्द मी आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला तेव्हा सासूबाई बांगडे तळत होत्या. नवरा मुलीला वरणभात भरवत होता, मी पानं घेत होते. नव्या नोकरीत नेमकं काय करायचंय ते सांगताना मी सहज बोलून गेले, की दगडातलं सोनं विरघळायला सायनाइडचं पाणी लागतं. तव्यावरचा आवाज चालूच राहिला. सासूबाई मात्र उलथनं हातात धरून माझ्याकडे वळल्या.

"सायनाइड म्हणजे ता वीख ना गो?"

"हो आई. पण फार पातळ केलेलं असतं. आणि त्यात चुना घालतात, त्यामुळे..."

"ता हाताळून तू घराक येतलंस आणि माझ्या नातीक घेतलंस?"

नवऱ्याने घास मुलीच्या तोंडासमोर तसाच धरून ठेवला होता. माझ्याकडे उत्तरं भरपूर होती. पाण्यात चुना असला की विषारी वायू सुटत नाही, हातमोजे असतात, गोदामात खाणंपिणं बंद असतं, सगळं सांगून झालं. त्यांनी बांगडा उलटला आणि म्हणाल्या, "जेवा आता."

मी मूळची गिरगावातली. माहेरी सगळे कारकून नाहीतर मास्तर. मुलगी धातुशास्त्र शिकते हे वडील कोणाला सांगत नसत, नुसतं 'इंजिनिअरिंग' म्हणून मोकळे व्हायचे. लग्न होऊन लालबागला आले ती थेट मालवणी घरात. सासरे मी येण्याआधीच गेलेले. सासूबाईंनी मिलमध्ये, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, तरुणपणापासून मिल बंद पडेपर्यंत काम केलं होतं. त्यानंतर त्या घरीच होत्या. घरी होत्या म्हणजे बसून होत्या असं नाही. पण सकाळी सगळं आवरून झालं की त्या गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या आणि खाली कामाला निघालेल्या माणसांकडे बघत राहायच्या. तेव्हा मला वाटायचं, वारा खायला उभ्या राहतात.

मुलगी झाल्यावर मी ठाण्याच्या फाउंड्रीतली नोकरी सोडली होती. ती दीड वर्षाची झाली आणि मला सरांचा फोन आला. सर आम्हाला कॉलेजात शिकवायला यायचे. उभा जन्म त्यांनी सोन्याच्या खाणींच्या प्रयोगशाळांत काढला होता. आता निवृत्त होऊन दादरला राहत होते आणि स्वस्थ बसवत नाही म्हणून शिवडीला एक गोदाम भाड्याने घेतलं होतं. "माणूस हवंय. रोज येणारं, नोंदी नीट ठेवणारं. तुझी आठवण झाली," म्हणाले. लालबागहून शिवडी म्हणजे बसने किती लांब? मी हो म्हटलं.

काम सांगायला सोपं होतं. कर्नाटकात एका जुन्या खाणीबाहेर वर्षानुवर्षं टाकून दिलेल्या दगडांचे डोंगर पडून होते. त्यांत सोनं होतं, पण टनभर दगडात जेमतेम ग्रॅमभर. असला दगड पिठासारखा दळून सोनं काढायचं तर दळणाचासुद्धा खर्च निघत नाही. मग दुसरी रीत असते. दगड नुसता खडीएवढा फोडायचा, खाली जाड प्लास्टिक अंथरून त्याचा मोठा ढीग रचायचा आणि वरून सायनाइडचं पातळ पाणी थेंब थेंब सोडायचं. ते झिरपत खाली येतं आणि येताना सोनं बरोबर घेऊन येतं. मग ते पाणी कोळशावरून नेलं की सोनं कोळशाला धरतं. पण एवढा ढीग रचण्याआधी तो दगड सोनं सोडतो का, आणि किती दिवसांत, हे बघावं लागतं. ते बघायला ढिगाऐवजी उभे पाइप वापरतात. आम्ही त्यांना कॉलम म्हणायचो. गोदामात भिंतीला लागून पीव्हीसीचे जाडजूड पाइप उभे केले होते, दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतके उंच. वर पाण्याची टाकी, खाली कॅन. चिंचपोकळीचा एक फिटर होता, त्याने हे सगळं बसवून दिलं होतं आणि काही गळलं की तोच यायचा.

सासूबाईंनी मला नोकरी सोड असं कधी म्हटलं नाही. त्यांनी नियम केले. मी घरी आले की दारातच पर्स ठेवायची, कशाला हात न लावता थेट मोरीत जायचं. तिथे कढत पाण्याची बादली तयार असायची. कपडे वेगळ्या बालदीत. केस धुतल्याशिवाय मुलीला घ्यायचं नाही. मुलगी मला बघून हात पसरायची आणि सासूबाई तिला उचलून गॅलरीत घेऊन जायच्या. मोरीच्या दाराआडून मला तिचं रडणं ऐकू यायचं. गोदामात मी साबणाने हात धुऊन, कपडे बदलूनच निघत असे. हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. नवरा म्हणायचा, "थोडे दिवस जाऊ दे. ती ऐकेल." मला त्याचाच जास्त राग यायचा.

असेच दिवस गेले. मग एका सकाळी मी डबा भरत असताना त्या म्हणाल्या, "माका एकदा ता बघूचा आसा."

"काय?"

"तुझा गोदाम."

सरांना विचारलं. ते म्हणाले, "आण की. कुणीतरी बघायला मागतंय हेच खूप."

ठरलेल्या दिवशी मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. सासूबाईंनी इस्त्रीची सुती साडी नेसली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि पायात चामड्याच्या चपला घातल्या. मी म्हटलं, देवळात जायची चप्पल कशाला, तिथे सगळी खडी आहे. त्या म्हणाल्या, "मगे ऱ्हवांदे. ड्युटीवर उघडी बोटा नाय चालत." मग शोधून नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट काढले आणि ते घालून निघाल्या. साडीवर ते बूट. बसमध्ये लोक बघत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. शिवडीला उतरल्यावर रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग, कुठे ऑइलचा, कुठे भरतीच्या चिखलाचा वास. त्या भरभर चालत होत्या, मीच मागे पडत होते.

गोदामात शिरल्यावर त्या दाराशीच थांबल्या. मला वाटलं, घाबरल्या. पण त्या ऐकत होत्या.

"मशीन खंय आसा?" त्यांनी विचारलं.

"मशीन नाही आई. एक छोटा पंप आहे, बस."

"मगे आवाज?"

आवाज नव्हताच. नीट कान दिले तर कॅनमध्ये पडणारे थेंब ऐकू यायचे, तेही दुपारच्या शांततेत. त्यांनी भट्टी असेल, धूर असेल, चकाकणारं काहीतरी असेल असं मनात धरलेलं असणार. समोर होते राखाडी पाइप आणि प्लास्टिकचे कॅन. त्या प्रत्येक कॉलमपाशी जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी सरांना म्हणाल्या, "साहेब, सोनं कुठे दिसत नाही." बाहेरच्या माणसाशी त्या असंच, मिलमधल्या मराठीत बोलायच्या.

"मलाही दिसत नाही," सर म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. आधी पाण्यात असतं, मग कोळशात असतं. दिसतं अगदी शेवटी, आणि तेही दिसलंच तर."

त्यांनी कोळसा दाखवला. काळे, चमकदार, तांदळाच्या कण्यांसारखे दाणे. नारळाच्या करवंटीचा असतो म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "करवंटीचो? खरा सांगतंस?" आणि त्या अशा हसल्या, की सरांनाही हसू आलं. गावच्या घरी परसात करवंट्यांचा ढीग पडलेला असायचा, पाणी तापवायला जाळायचे. त्या करवंटीला सोनं चिकटतं हे त्यांना पटेना.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. हातमोजे कुठे ठेवता? फाटले तर? पलीकडच्या खोलीला कुलूप कशाला? सरांनी सांगितलं, आम्ल आणि सायनाइड एकत्र आलं की वायू सुटतो, म्हणून आम्ल तिथे कुलपात. "आणि कुलपाची चावी?" चावी सरांच्या खिशात होती. "तुम्ही नसाल तर?" तेव्हा सरांनी दुसरी चावी दाखवली. सासूबाईंनी ती बघितली तेव्हा कुठे त्या पुढे गेल्या. निघताना विचारलं, "रविवारी कोण बघतं?"

"थेंब रविवारी थांबत नाहीत," सर म्हणाले. "एक रविवार मी, एक रविवार ती."

सासूबाईंनी मान डोलावली. हे त्यांना पटलं. घरी परत येताना बसमध्ये, लालबाग जवळ आल्यावर म्हणाल्या, "साहेब बरो माणूस आसा. पण त्याका एक झाडूवालो ठेवूक सांग. कोपऱ्यात किती धूळ!"

कढत पाण्याची बादली त्यानंतरही तयार असायची. पण आता मी मोरीतून बाहेर यायच्या आत त्या मुलीला घेऊन मोरीच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या, आणि केस धुतलेले नसले तरी, मी अंगाला टॉवेल गुंडाळलेला असतानाच तिला माझ्या हातात द्यायच्या. नवऱ्याने एकदा विचारलं, "आता केस धुवायचे नाहीत?" त्या म्हणाल्या, "तू गप रव."

पुढचे महिने माझ्या आठवणीत सगळे एकत्र मिसळलेत. मी सकाळी कॅन मोजायची, पाण्यात चुना पुरेसा आहे की नाही ते तपासायची, नमुने बाटल्यांत भरायची. सर खुर्चीत बसून पेन्सिलीने आलेख काढायचे. कॉम्प्युटर होता, पण त्यांना पेन्सिलच लागायची. सासूबाई अधूनमधून संध्याकाळी मुलीला घेऊन शिवडीला यायच्या. आत नाही, फाटकापर्यंतच. मी हात धुऊन बाहेर यायची आणि आम्ही तिघी खाडीच्या बाजूला जायचो. ओहोटीला चिखलात फ्लेमिंगो उतरलेले असायचे. मुलगी त्यांना लाल कोंबडी म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, "कोंबडी नाय गो, ह्यांका कोण खाणार, नुसते पायच आसत." मग बसमध्ये ती माझ्या मांडीवर झोपायची आणि सासूबाई विचारायच्या, आज किती आलं. मी सांगायची, कोणत्या कॉलमने किती सोडलं. आकडे त्यांना कळत असतील असं नाही, पण कालच्यापेक्षा जास्त की कमी एवढं त्या नीट लक्षात ठेवायच्या.

मग एक कॉलम तुंबला. त्यातल्या दगडात चिकणमाती जास्त होती. ती खाली बसली आणि पाणी झिरपायचं थांबलं. वर नुसतं तळं साचलं. मी शिडीवर चढून पाहिलं आणि मला रडूच आलं. इतक्या आठवड्यांचं काम होतं. सर म्हणाले, "बरं झालं, इथे तुंबला. ढिगात तुंबला असता तर? उपस सगळं." ते सायनाइडचं पाणी आधी साध्या पाण्याने धुऊन काढलं, मग दगड उपसला. फिटरने ओळखीच्या कंत्राटदाराकडून काँक्रीट कालवायचा छोटा मिक्सर आणला. त्यात तो दगड, थोडं सिमेंट, थोडा चुना आणि पाण्याचा शिडकावा. मिक्सर फिरू लागला तशी बारीक माती मोठ्या खड्यांना चिकटून गोळ्या व्हायला लागल्या. त्या तशाच सुकू द्यायच्या, की मग पाणी मधल्या फटींतून वाट काढतं. पुस्तकात मी हे कितीदा वाचलं होतं. हाताने करताना मात्र पहिल्या खेपेला पाणी जास्त झालं आणि सगळा चिखल झाला. दुसऱ्या खेपेला सिमेंट-चुना उडून आम्ही तिघे पांढरे झालो. त्या दिवशी कपडे बदलूनही केस-भुवया पांढऱ्याच घेऊन मी घरी आले तेव्हा सासूबाई दारात मला बघून ओरडल्याच, आणि ओळखल्यावर जमिनीवर बसून हसल्या. मुलगी मात्र घाबरून किंचाळत होती.

कॉलम पुन्हा भरला. पाणी वरून सोडलं आणि खाली थेंब कधी पडतो म्हणून आम्ही बघत बसलो. पडला तेव्हा सरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

सगळ्या कॉलमांची मुदत संपल्यावर एकाचा कोळसा जाळून, शिशाबरोबर भट्टीत वितळवून त्यातलं सोनं वेगळं करायला एका प्रयोगशाळेत दिला. ते काम आमच्याकडे होत नव्हतं. परत आलं ते सोनं कागदाच्या पुडीत. मोहरीएवढा मणी. सरांनी मुद्दाम सासूबाईंना बोलावून घेतलं होतं. त्यांनी पुडी उघडून टेबलावर ठेवली. सासूबाई वाकून बघत राहिल्या.

"इतक्याच?"

"इतकंच," मी म्हटलं.

"ह्याच्यासाठी किती माणसां लागली?"

मी मोजायला लागले: सर, मी, फिटर, तिकडे खाणीवर दगड फोडणारे, ट्रकवाला, प्रयोगशाळेतले. त्यांनी मला अडवलं. "आणि शेजारची काकू. ती पोराक बघता ना." सर म्हणाले, "आणि तुम्ही." त्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. मी त्यांना लाजताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आकडे बरे आले होते. खाणवाल्यांनी ठरवलं, की तिथेच खरा ढीग रचून बघायचा. त्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी जायला हवं होतं. सरांना हृदयाचा त्रास होता. त्यांनी मला विचारलं. निदान सहा महिने, कदाचित जास्त. राहायची सोय गेस्ट हाउसमध्ये. "नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही," म्हणाले. मी नाहीच म्हणणार होते. घरी नुसतं सांगून ठेवावं म्हणून जेवताना विषय काढला.

नवरा म्हणाला, "बघू." त्याचं बघू म्हणजे नाही, हे मला माहीत होतं.

"बघूचा काय त्याच्यात?" सासूबाई म्हणाल्या. "तू जा गो. चेडवाक मी बघतंय."

"आई, ती दोन वर्षांची आहे," नवरा म्हणाला.

"तू पण दोन वर्षांचो होतंस."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. नवरा लहान असताना त्यांनी त्याला गावी आपल्या आईकडे ठेवलं होतं. सासऱ्यांचा पगार पुरत नव्हता, मिलमध्ये पाळ्या असायच्या, आणि खोलीत मूल बघायला कोणी नव्हतं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा आणलं. मला फक्त 'आजीकडे वाढला' एवढंच माहीत होतं, आणि ते मी लाडाचं काहीतरी समजत होते.

"मला तिथे आवडायचं," नवरा म्हणाला. "आंबे, समुद्र. मी मजेत होतो."

"तुका आवडायचा रे," सासूबाई म्हणाल्या. "माका नाय आवडायचा."

कोणीच जेवेना. मुलगी पापडाचे तुकडे करून जमिनीवर मांडत होती. मी म्हटलं, "मग मला कशाला जा म्हणता?"

"आठ तास मशीनवर उभी असताना माझो जीव गावाक असायचो. पण मशीन पण आवडायचा माका. दोन्ही खरा. घरात बसलंस तर तू त्या गोदामाकच बघत बसतलंस, माका ठाऊक आसा." मग नवऱ्याकडे वळून, "आणि तू रोज पोराक फोन लावून देवचो. मी गावाक फोन खंयसून लावणार होतंय?"

मी गेले.

त्या जागेचं वर्णन मी कितीदा केलं असेल. माळरान, बोरीची झाडं, लाल माती, आणि मधोमध आमचा ढीग, वरून सपाट, एखाद्या मैदानाएवढा. खाली काळं प्लास्टिक, वर बारीक नळ्यांचं जाळं, ठिबक सिंचनाचं असतं तसं. खालच्या तळ्यात सोन्याचं पाणी जमायचं. त्यावर जाळी टाकलेली, कारण पाखरं पाणी प्यायला उतरली तर मरतील. मी रोज सकाळी आधी ती जाळी तपासायची. पाणी दिसायला साधंच होतं, किंचित हिरवट. मला ते काम आवडलं. मोकळं झाल्यासारखं वाटायचं, आणि संध्याकाळ झाली की जीव नकोसा व्हायचा.

फोनवर मुलगी पहिले काही दिवस रडली. मग रडायची थांबली, आणि ते जास्त लागलं. एकदा मला ऐकू आलं, ती सासूबाईंना आई म्हणून हाक मारत होती. सासूबाईंनी तिला लगेच दटावलं, "आई फोनवर आसा ती. मी आजी." पण मी ऐकलं होतं.

दिवाळीत ती तिघं आली. स्टँडवर मी धावत गेले तर मुलगी सासूबाईंच्या साडीआड लपली. घ्यायला गेले तर त्यांचा पाय धरून बसली. दोन दिवस असंच. मी जवळ बसले की ती उठून आजीकडे. रात्री मी नवऱ्याजवळ रडले. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई अंथरुणातून उठल्याच नाहीत. "माझा डोक्या दुखता. पोराक घेऊन जा. माका झोपूचा आसा." आणि दार लावून घेतलं. मुलीने दारावर थापा मारल्या, रडली, दार उघडलं नाही. शेवटी मी तिला उचलून बाहेर नेलं. बोरं दाखवली. शेळ्या दाखवल्या. कुंपणाबाहेरून ढीग दाखवला आणि सांगितलं, ह्याच्यात सोनं आहे. ती म्हणाली, "कुठे?" संध्याकाळी परत येताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूने वळले तर सासूबाई पायरीवर बसून तिथल्या आचाऱ्याबरोबर भाजलेल्या शेंगा खात होत्या, दोघांना एकमेकांची भाषा कळत नसताना मोठमोठ्याने गप्पा चाललेल्या. मला बघून त्यांनी शेंगांचं ताट पदराखाली सरकवलं.

ढिगाने कॉलमएवढं सोनं दिलं नाही. काही दिलं, पण खाणवाल्यांना परवडेल इतकं नाही. एका बाजूला माती तुंबली होती, गोळ्या सगळीकडे सारख्या बांधल्या गेल्या नव्हत्या. मी अहवालात तसं स्वच्छ लिहिलं. त्यांनी काम थांबवलं. ढीग धुऊन, पाण्यातलं विष मारून, सगळं नीट बंद करायलाच कितीतरी आठवडे गेले, आणि तेवढं मी करून आले. सरांनी वर्षभरात गोदाम सोडलं. कॉलम कापून भंगारात गेले. त्यानंतर मी एका कॉलेजात शिकवायला लागले, अजून शिकवते. पोरं ढिगाची आकृती वहीत काढतात, बाण दाखवतात, मार्क मिळवतात.

आमची चाळ पडली, त्याच जागी टॉवर झाला. आम्ही बाराव्या मजल्यावर आलो. शेवटची काही वर्षं सासूबाई तिथेच होत्या. त्यांना लिफ्ट आवडायची, एकट्या वरखाली करून यायच्या. मुलगी बारावीला असताना त्या गेल्या, फार आजारपण न काढता.

दिवसकार्य झाल्यावर सर भेटायला आले. किती म्हातारे झाले होते! दादरहून एकटे टॅक्सीने आलेले. मुलीने त्यांना पाणी दिलं, ती कोण हे त्यांना सांगावं लागलं. ते खिडकीशी बसले. तिथून खाडी दिसते, आणि समुद्रावरचा नवा लांबलचक पूल. गोदाम कुठल्या बाजूला होतं ते आम्ही दोघांनी शोधलं, आणि आमचं एकमत झालं नाही.

"तू साइटवर होतीस ना," ते म्हणाले, "तेव्हा तुझ्या सासूबाई गोदामात यायच्या."

मला हे माहीत नव्हतं.

"यायच्या, खुर्चीवर बसायच्या. म्हणायच्या, साहेब, ती फोनवर सगळं बरं आहे म्हणते. मला खरं सांगा. मग मी तू पाठवलेले आकडे वाचून दाखवायचो. पाण्यात चुना किती, वायू सुटला होता का. पुन्हा पुन्हा तेच विचारायच्या. एकदा पूर्ण ऐकून झाल्यावर कोपरे झाडून गेल्या."

नवरा खुर्चीतून उठून आत गेला. मी सरांना विचारलं, त्या आणखी काय बोलायच्या. त्यांना नीट आठवत नव्हतं. एकदा मिलबद्दल बराच वेळ बोलल्या होत्या, एवढं आठवत होतं. कोणत्या खात्यात होत्या, किती जणी एका ओळीत उभ्या असायच्या, डबा खायला कुठे बसायच्या. "मी पण मग माझ्या खाणींचं सांगितलं," म्हणाले. "दोघं बोलत बसलो होतो. तो दिवस मस्त गेला."

मुलगी चहा घेऊन आली आणि तिथेच बसली. तिने सरांना विचारलं, सायनाइडचा वास खरंच कडू बदामासारखा येतो का. सर म्हणाले, काहींना येतो, काहींना येतच नाही, मला कधी आला नाही. मग ती विचारत राहिली आणि ते सांगत राहिले, बशीत चहा ओतून घेतलेला तसाच. अंधार पडायला आला तेव्हा नवरा त्यांना खाली टॅक्सीत बसवून आला. मी खिडकीतून बघत होते. सर टॅक्सीत बसण्याआधी थांबले, वर पाहिलं, आणि कोणता मजला ते न कळून अंदाजाने हात हलवला.